उडानच्या विमानसेवेला मिळणारा सरकारी पैसा: हिशेब कोण तपासतो आणि आपण कसा तपासायचा?

विदर्भवासी

छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणाऱ्या उडान योजनेतल्या मार्गांना सरकार पैसे देते, एवढे सगळ्यांना माहीत आहे. पण तो पैसा कशाबद्दल, किती आणि कोणाच्या तपासणीनंतर जातो, हे वर्तमानपत्रांत धड सापडत नाही. बातम्या दोनच प्रकारच्या येतात: फीत कापली, नाहीतर विमान रद्द झाले. जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत.

फेरी रद्द झाली तरी कंपनीला अनुदान मिळते का? छोट्या विमानतळांच्या गावांत तर सर्रास तसे बोलले जाते.

अडीच हजारात विमानप्रवास अशी जाहिरात होते आणि संकेतस्थळावर तिकीट पाच-सहा हजारांना दिसते. मग सवलतीच्या सीट खरोखर विक्रीला ठेवल्या होत्या की नाही, हे कोण बघते?

देखरेख नेमकी कोणाची? डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), विमानतळ प्राधिकरण, मंत्रालय आणि राज्य सरकार, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आणि शेवटचे: सामान्य माणसाने हा हिशेब तपासायचा म्हटले तर कोणते कागद मागायचे, कोणाकडे?

राजकीय धुळवड नको. नियम आणि आकडे माहीत असलेल्यांनीच लिहावे ही विनंती.

---

ताळेबंद

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण सर्वात मोठा गैरसमज तिथेच आहे. रद्द फेरीचे व्हीजीएफ मिळत नाही. व्हीजीएफ म्हणजे शासन निर्णयांच्या भाषेत व्यवहार्यता तफावत निधी, साध्या भाषेत खर्च आणि मिळकत यांतली तूट भरून काढणारे अनुदान. दावा करता येतो तो प्रत्यक्ष उडालेल्या फेरीचाच. याची दुसरी बाजू मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते: फेरी उडाली आणि सवलतीच्या सीट रिकाम्या गेल्या, तरी पैसे मिळतात. हिशेब विकलेल्या तिकिटांवर होत नाही, योजनेसाठी राखलेल्या सीटांवर होतो. त्यामुळे ‘विमान रिकामे जाते, तरी कंपनी उडवते कशी’ याचे उत्तर बऱ्याचदा इथे असते.

आता रचना. ऑक्टोबर २०१६ मध्ये योजना आली, पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी उडाली. शिमला-दिल्ली आणि कडप्पा-हैदराबादबरोबर आपले नांदेड-हैदराबादही त्याच दिवशीचे. कंपनीने विमानातल्या निम्म्या सीट योजनेसाठी राखायच्या. पंख असलेल्या विमानात किमान ९ आणि कमाल ४०, हेलिकॉप्टरला ५ ते १३. या सीटांच्या भाड्याला अंतरानुसार कमाल मर्यादा असते. सुरुवातीला सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये होती. ती महागाईप्रमाणे बदलत जाते, त्यामुळे आज कोणी तुम्हाला नेमके अडीच हजारच सांगत असेल तर तो जुना कागद वाचतोय. एका दिशेने आठवड्याला किमान ३ आणि कमाल ७ फेऱ्यांनाच व्हीजीएफ. मुदत तीन वर्षे, आणि त्या काळात मार्गावर त्या कंपनीला एकाधिकार.

दर कोण ठरवते? कंपन्या स्वतःच, उलट्या लिलावात. प्रति सीट सर्वात कमी व्हीजीएफ मागणाऱ्याला मार्ग मिळतो. विमानाचा प्रकार आणि अंतर यांप्रमाणे सरकारने वरची मर्यादा घातलेली असते.

एक हिशेब मांडून दाखवतो. दर उदाहरणापुरता धरलेला आहे, कोणत्याही खऱ्या मार्गाचा नाही. समजा ७० सीटांचे एटीआर जातीचे छोटे विमान, म्हणजे योजनेच्या ३५ सीट. व्हीजीएफ प्रति सीट ३,००० रुपये. एका उड्डाणाचे झाले १,०५,०००. रोज जाणे-येणे म्हणजे आठवड्याला १४ उड्डाणे, वर्षाला ७२८. त्यातली ६५५ उडाली, साधारण ९० टक्के, तर वर्षाचे व्हीजीएफ ६ कोटी ८७ लाख ७५ हजार. त्यातला २० टक्के हिस्सा राज्याचा, १ कोटी ३७ लाख ५५ हजार. उरलेले ८० टक्के केंद्राच्या प्रादेशिक जोडणी निधीतून. ईशान्येकडच्या राज्यांचा आणि केंद्रशासित प्रदेशांचा वाटा १० टक्के असतो.

हा निधी अर्थसंकल्पातून आलेला नाही, हेही लक्षात ठेवा. मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणामागे विमान कंपनीकडून आकार घेतला जातो. सुरुवातीला तो अंतराप्रमाणे ७,५०० ते ८,५०० रुपये होता, नंतर त्यात बदल होत गेले. तो शेवटी मुंबई-दिल्लीच्या प्रवाशाच्या तिकिटातूनच निघतो. निधी एका न्यासाकडे असतो आणि न्यासाचा कारभार भारतीय विमानतळ प्राधिकरण बघते.

व्हीजीएफ म्हणजेच सगळे अनुदान, असे धरून चालू नका. उतरण्याचा आणि उभे राहण्याचा आकार माफ. विमानतळावरचा दिशादर्शन आकार माफ, मार्गावरचा नेहमीच्या दराच्या ४२.५ टक्के. योजनेच्या विमानतळावर भरलेल्या इंधनावर राज्याचा मूल्यवर्धित कर १ टक्का किंवा कमी, दहा वर्षे. उत्पादन शुल्क २ टक्के, तीन वर्षे. पोलीस बंदोबस्त आणि अग्निशमन राज्याकडून फुकट, वीज-पाणी सवलतीत. या बाबी राज्याच्या वेगवेगळ्या खात्यांच्या लेखाशीर्षांत विखुरलेल्या असल्यामुळे एका मार्गामागे राज्याचा एकूण खर्च किती, हा आकडा तयार स्वरूपात कुठेही मिळत नाही. माझ्या मते देखरेखीतले सर्वात मोठे भोक हेच. व्हीजीएफची निदान पावती तरी असते.

---

धावपट्टी

ताळेबंद यांनी पैशाचे छान मांडले. फेऱ्या का गळतात ते थोडक्यात सांगतो. कारण समजल्याशिवाय देखरेख म्हणजे नुसती आकडेमोड होते.

बरेच छोटे विमानतळ सुरुवातीला फक्त दृश्य नियमांनी उड्डाण करण्याच्या परवान्यावर चालतात. वैमानिकाला बाहेर पाहून उतरता आले पाहिजे, त्यासाठी साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठच्या विमानाला ती मिळत नाही, पावसाळ्यात तर दिवसचे दिवस मिळत नाही. तिथे वेळापत्रक कंपनीने कसे लावले हे पाहावे. धुक्याच्या महिन्यांत पहाटेची फेरी ठेवणे म्हणजे रद्द होण्याची तजवीजच आहे. तरीही ती वेळ का घेतली जाते? बहुतेक वेळा मुंबई विमानतळावर उतरण्या-उडण्यासाठी दुसरी वेळ मिळत नाही म्हणून.

दुसरे, रात्री उतरण्याची सोय नसणे. एकच एटीआर दिवसभर सहा-आठ टप्पे उडत असते. सकाळी हैदराबादला किंवा गोव्याला चाळीस मिनिटे उशीर झाला की तो दिवसभर साचत जातो, आणि संध्याकाळच्या शेवटच्या गावाला पोचेपर्यंत सूर्यास्त होतो. नोंद होते ‘परिचालन कारणास्तव रद्द’. खरे कारण असते राखीव विमान नसणे. कंपनीच्या ताफ्यात चार-पाच विमाने, त्यातले एक दुरुस्तीला, इंजिन येईपर्यंत महिने जातात.

तिसरे जमिनीवरचे. एटीआर-७२ ची लांबी २७ मीटरच्या आसपास, म्हणून सर्वसाधारणपणे पाचव्या श्रेणीची अग्निशमन व्यवस्था लागते. अग्निशमन गाडी बंद पडली किंवा प्रशिक्षित माणसे अपुरी पडली की विमानतळाची श्रेणी उतरते आणि त्या आकाराचे विमान येऊ शकत नाही. ही चूक कंपनीची नसते. विमानतळ चालवणाऱ्याची किंवा राज्याची असते. सोलापूरला तर वर्षानुवर्षे अडथळा होता साखर कारखान्याच्या चिमणीचा. ती जून २०२३ मध्ये पाडली, त्यानंतर पुढची चाके हलली.

म्हणून फेऱ्यांची आकडेवारी मागताना रद्द होण्याच्या कारणांची वर्गवारी मागा: हवामान, विमान नाही, कर्मचारी नाहीत, विमानतळ बंद, वेळ मिळाली नाही. नुसत्या रद्द फेऱ्या मोजून कोणालाच पकडता येत नाही.

---

चिकित्सक

ताळेबंद, तुमच्या एका गोष्टीशी अर्धाच सहमत. फेरी उडाली तरच पैसे, यात काटकसर आहे. पण त्यात सेवेची हमी नाही. रद्द फेरीचे सरकारचे पैसे वाचतात, गावाचे विमान मात्र जाते. एकाधिकारामुळे तीन वर्षे दुसऱ्या कंपनीला त्या मार्गावर येता येत नाही. म्हणजे कंपनीने अर्ध्याच फेऱ्या उडवल्या तर सरकारला खर्च अर्धा, कंपनीला विमान दुसऱ्या फायद्याच्या मार्गावर न्यायला मोकळीक, आणि गाव अडकलेले. देखरेखीने पैसा राखला, मार्ग राखला नाही.

हे माझे मत म्हणून सोडून देऊ नका. कॅगने या योजनेवर २०२३ चा अहवाल क्रमांक २२ दिला, ऑगस्ट २०२३ मध्ये तो संसदेत मांडला गेला. उडान-३, म्हणजे योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग वाटले. त्यातले ४०३, म्हणजे ५२ टक्के, सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली. आणि मार्च २०२३ पर्यंत अनुदान संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग ५४. ७७४ च्या ७ टक्के.

सुरू न होण्याची मुळे लिलावात आहेत. मार्च २०१७ च्या पहिल्या फेरीत पाच कंपन्यांना १२८ मार्ग दिले, त्यातले ८४ अवघ्या दोन छोट्या कंपन्यांना. त्यांच्याकडे तेवढी विमाने नव्हती, दोघींचाही कारभार दोन-तीन वर्षांत आटोपला. जळगाव-मुंबई सेवा २३ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली आणि कशी अडखळत गेली ते जळगावकरांना आठवत असेल. मार्ग बळकावून ठेवायचा, परवडला तर उडवायचा, असे वागायला जागा होती. कारण निविदेच्या वेळी विमाने, वैमानिक आणि देखभाल यांचा आराखडा कसून तपासला जात नव्हता.

२१ एप्रिल २०२३ च्या उडान-५ मध्ये यातल्या काही फटी बुजवल्या. मार्ग मिळाल्यापासून चार महिन्यांत सेवा सुरू करायची, आधी सहा होते. उशिराच्या दर महिन्याला कंपनीने आगाऊ ठेवलेल्या कामगिरी हमीतले २५ टक्के जप्त, म्हणजे चार महिन्यांत हमी साफ. सलग चार तिमाहींत सरासरी ७५ टक्क्यांपेक्षा जास्त सीट भरल्या तर एकाधिकार काढून घ्यायचा. तोच मार्ग त्याच कंपनीला दुसऱ्यांदा नाही. आणि तांत्रिक प्रस्तावातच व्यवसाय आराखडा मागवायचा. कागदावर उत्तम. आता बघायचे एवढेच की हमी खरोखर जप्त झाली किती वेळा. मागण्यासारखा पहिला कागद तोच, कारण तिथे अर्थ लावायला वाव नाही. पैसे बँकेतून निघाले किंवा निघाले नाहीत.

देखरेख कोणाची याचेही उत्तर देऊन टाकतो. धोरण आणि मार्ग मंजुरी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाची. अंमलबजावणी, करार, दावे तपासणे आणि हमी जप्त करणे प्राधिकरणाचे. डीजीसीए सुरक्षा, विमानतळ परवाना, वेळापत्रक मंजुरी आणि प्रवाशांच्या हक्कांचे नियम बघते. अनुदानाशी तिचा संबंध नाही, त्यामुळे तिकडे व्हीजीएफची तक्रार करून वेळ घालवू नका. राज्यात हा विषय सामान्य प्रशासन विभागाच्या विमानचालन शाखेकडे आणि महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे असतो.

गोम अशी की दावे तपासणारे प्राधिकरण हे अनेक ठिकाणी त्याच विमानतळाचे मालकही आहे. मार्ग बंद पडला की त्यांचाही विमानतळ ओस पडतो. कंपनीला दुखावणे त्यांना परवडत नाही. दावा तपासायला बाहेरचे स्वतंत्र कोणी असते तर चित्र वेगळे दिसले असते.

---

ताळेबंद

एकाधिकाराबद्दल मान्य. पण तो काढला तर पहिल्या वर्षीच्या तोट्याला कोण तयार होईल? नवा मार्ग बसायला सहा-आठ महिने जातात. त्या काळात एकाने ओळख निर्माण करायची आणि दुसऱ्याने मोठे विमान आणून भाडे पाडायचे, असे झाले तर छोटी कंपनी फिरकणारच नाही. एकाधिकाराला नियमिततेची अट जोडावी, तो मुळातून काढू नये.

स्वतंत्र तपासणीबद्दल एक भर. प्रत्येक उड्डाणाची नोंद हवाई वाहतूक नियंत्रणाकडे होतेच, आणि ते काम प्राधिकरणाचे आहे. म्हणजे कंपनीच्या दाव्यातली उड्डाणे आणि मनोऱ्याची नोंदवही यांची जुळणी एका दुपारचे काम आहे. खोट्या फेऱ्या दाखवणे म्हणूनच अवघड. धोका आहे तो सीटांच्या बाजूला. राखीव सीट ३५ असल्याचे दाव्यात लिहिणे सोपे, त्या ३५ सीट मर्यादित भाड्यात कधी आणि किती काळ विक्रीला होत्या हे आरक्षण प्रणालीतल्या नोंदींशिवाय कळत नाही.

विदर्भवासींचा दुसरा प्रश्न इथे येतो. निम्म्या सीट बाजारभावाने विकायला कंपनी मोकळी आहे. त्यामुळे प्रवासाच्या आदल्या दिवशी सहा हजार दिसले म्हणून लबाडी सिद्ध होत नाही. स्वस्त सीट आधीच संपल्या असतील. तपासायचे असेल तर आरक्षण उघडते त्या दिवसापासून बघा. एक तारीख धरा, ६० दिवस आधी, ३० दिवस, १५, ७ आणि आदल्या दिवशी भाडे नोंदवा. मूळ भाडे, विमानतळ शुल्क आणि कर वेगवेगळे लिहा. एकदा एका प्रवाशाचे आणि एकदा नऊ प्रवाशांचे शोधा. नऊ जणांचे भाडे एकदम वर गेले तर त्या दरात नऊ सीट शिल्लक नाहीत एवढे समजते. साठ दिवस आधी, विक्री नुकतीच उघडलेली असताना, मर्यादेखालचे भाडे एकदाही दिसले नाही, तर मात्र स्क्रीनचे छायाचित्र घेऊन तक्रार करण्यासारखे काहीतरी हाती आहे.

---

विदर्भवासी

भरपूर मिळाले, आभार. दोन उपप्रश्न. खासगी विमान कंपनीला माहिती अधिकार लागू नाही ना? मग अर्ज करून काय मिळणार? आणि फेरी रद्द झाली तर योजनेच्या तिकिटावर भरपाई मिळते का, की सवलतीचे तिकीट म्हणून हात वर करता येतात?

---

अर्जदार

माहिती अधिकाराचे सांगतो.

कंपनीकडे अर्ज करायचाच नाही. विमानतळ प्राधिकरण हे कायद्याच्या भाषेत सार्वजनिक प्राधिकरण आहे, मंत्रालय आहे, राज्याचा विभाग आणि विमानतळ विकास कंपनी आहे. दावे, करार आणि हमीचे कागद त्यांच्याकडे असतात. शिवाय कलम २(च) मध्ये खासगी संस्थेची अशी माहितीही येते जी सरकारी यंत्रणेला एखाद्या कायद्याखाली मिळवता येते. आणि मार्ग अलायन्स एअरचा असेल तर गोष्ट आणखी सोपी. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये विकली गेली तरी ही कंपनी सरकारकडेच राहिली, थेट तिलाही विचारता येते.

अर्ज फसतात ते ‘का’ विचारल्यामुळे. ‘फेऱ्या वारंवार का रद्द होतात’ याला ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर कायदेशीरपणे देता येते. कागद मागा, काळ ठरवून मागा, एकाच मार्गापुरते मागा. मसुदा असा ठेवा:

‘अमुक ते अमुक या मार्गासंबंधी, दिनांक अमुक ते अमुक या काळातील पुढील अभिलेखांच्या प्रती द्याव्यात: १. निवडलेल्या विमान कंपनीशी झालेला करार, परिशिष्टांसह. २. महिनावार मंजूर, प्रत्यक्ष झालेल्या व रद्द झालेल्या फेऱ्या, रद्द होण्याच्या नोंदवलेल्या कारणासह. ३. महिनावार व्हीजीएफचा दावा, कपात, मंजूर रक्कम व अदा केल्याचा दिनांक. ४. दाव्यात दाखवलेल्या योजनेच्या सीटांची उड्डाणवार संख्या. ५. राज्य हिश्श्याची मागणीपत्रे व भरणा झाल्याचे दिनांक. ६. कामगिरी हमीची रक्कम, वैधता व जप्तीची कारवाई झाली असल्यास तिचा आदेश. ७. कंपनीस दिलेल्या नोटिसा व तिची उत्तरे.’

पाचवा मुद्दा गाळू नका. राज्याचा हिस्सा रखडला की वाद सुरू होतात आणि दोन्हीकडून दुसऱ्यावर ढकलले जाते. दिनांक समोर आले की उशीर कोणाच्या टेबलावर झाला ते दिसते.

शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. केंद्राचे अर्ज केंद्राच्या माहिती अधिकार संकेतस्थळावरून, राज्याचे राज्याच्या. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) नुसार त्यांनी पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो, पण त्यावर विसंबू नका. राज्याचा आणि केंद्राचा अर्ज पहिल्यापासून वेगळा करा.

हमखास येणारा नकार म्हणजे कलम ८(१)(घ), व्यापारी गुपित. कंपनीचे मत घेण्यासाठी कलम ११ ची नोटीस निघते आणि तिला दहा दिवस मिळतात. कंपनी नाही म्हणाली म्हणून विषय संपत नाही. निर्णय माहिती अधिकाऱ्याचा असतो. प्रथम अपिलात, ३० दिवसांच्या आत, तीन मुद्दे मांडा. अदा झालेली रक्कम हा सार्वजनिक पैसा आहे, गुपित नाही. कलम ८(२) प्रमाणे जनहित जास्त असेल तर माहिती द्यावी लागते. आणि कलम १० प्रमाणे गुपित भाग झाकून उरलेला कागद देता येतो. कंपनीचा प्रति फेरी खर्च, इंधनाचे करार असले काही मागितलेत तर मात्र नकार टिकेल, म्हणून मागूच नका. द्वितीय अपील ९० दिवसांत.

अर्ज करण्याआधी फुकटचे बघून घ्या. प्राधिकरण योजनेचे वाटलेले मार्ग आणि व्हीजीएफची आकडेवारी प्रसिद्ध करते. विमानतळवार प्रवासी आणि उड्डाणे दर महिन्याला येतात. लोकसभा आणि राज्यसभेतल्या प्रश्नोत्तरांत मार्गांच्या याद्या जोडलेल्या असतात, शोधायला कंटाळा येतो पण अधिकृत असतात. या आकड्यांवर अर्ज उभा केला की ‘माहिती संकलित स्वरूपात नाही’ हे उत्तर देणे जड जाते.

---

धावपट्टी

भरपाईचे: सवलतीचे तिकीट म्हणून कोणताही हक्क कमी होत नाही. डीजीसीएचे नियम सगळ्या तिकिटांना सारखे. रद्द झाल्याचे किमान दोन आठवडे आधी कळवून पर्यायी विमान किंवा परतावा द्यायचा. दोन आठवडे ते २४ तासांच्या दरम्यान कळवले तरी प्रवाशाला मान्य असलेला पर्याय किंवा परतावा. त्यापेक्षा उशिरा कळवले किंवा कळवलेच नाही तर परतावा आणि वर भरपाईही: तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतले जे कमी असेल ते. मेख इथे आहे. मूळ भाडे १,८०० असेल तर भरपाईही त्याच्याच आसपास, पाच हजार नाही.

हवामान, हवाई नियंत्रणाचे आदेश असल्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत भरपाई नाही. म्हणून कारण लेखी घ्या, काउंटरवर लगेच. तोंडी ‘तांत्रिक अडचण’ सांगतात आणि नंतर ईमेलमध्ये ‘हवामान’ येते. त्या वेळचा विमानतळाचा हवामान अहवाल इंटरनेटवर मिळतो, दृश्यमानता मीटरमध्ये लिहिलेली असते. एअरसेवा या सरकारी तक्रार संकेतस्थळावर तक्रार टाकताना तो जोडा.

---

घाटावरून

उशिरा आलो, पण राज्याच्या बाजूचा एक मुद्दा राहिलाय.

उडानमध्ये मार्ग बसत नसेल किंवा वेळ लागत असेल तर राज्य आता स्वतःच व्हीजीएफ देऊ लागले आहे. २०२५ मध्ये सोलापूर-मुंबईसाठी मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला आणि ऑक्टोबरमध्ये विमान सुरू झाले. अशा मार्गाला केंद्राच्या निधीचे दावे-तपासणीचे चौकट आपोआप लागू होत नाही. जे काही आहे ते शासन निर्णयात आणि त्याखालच्या करारात. म्हणून जीआर शब्दन् शब्द वाचा: पैसे प्रति सीट की प्रति फेरी, विकलेल्या सीटवर की राखलेल्या, दावा कोण प्रमाणित करणार, मुदत किती, सेवा मध्येच सोडली तर वसुली आहे का. तपासणीचे कलम एका ओळीचे असेल तर हिशेबही तेवढाच मिळणार. या खर्चाचे लेखापरीक्षण राज्याच्या महालेखापालांकडे आणि पुढे विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जाते. म्हणजे इथे खासदारांपेक्षा आमदारांनी प्रश्न लावणे जास्त उपयोगाचे. खासदारांचा उपयोग विमानतळ सल्लागार समितीत. प्राधिकरणाच्या विमानतळांवर ही समिती असते आणि अध्यक्ष स्थानिक खासदार असतात. बैठकीचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागता येते.

तीन वर्षांनंतर काय, हा प्रश्नही मार्ग चालू असतानाच विचारायला हवा. सिंधुदुर्गचे चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाले. योजनेची तीन वर्षे संपली आणि मुंबईची ती सेवा थांबली. नांदेडचेही तेच वळण: पहिल्याच दिवशी नकाशावर आले, मधे सेवा बंद, २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीमार्फत पुन्हा विमाने. दोन्हीकडे धावपट्टी होती, प्रवासी होते. अनुदान संपायच्या आधी सहा महिने कोणीतरी सीट किती भरतात, सवलतीशिवाय भाडे किती ठेवावे लागेल, विमान मोठे की छोटे, याचा आढावा घ्यायला पाहिजे होता. तसे कोणाच्याच कामाच्या यादीत नसते.

अमेरिकेत १९७८ पासून छोट्या गावांची अनुदानित विमानसेवा चालू आहे. तिथे कंपनीला मार्ग सोडायचा असेल तर आधी नोटीस द्यावी लागते, आणि दुसरी कंपनी मिळेपर्यंत परिवहन खाते तिला उडत राहायला भाग पाडू शकते, भरपाई देऊन. कंपनी निवडताना गावाचे म्हणणे लेखी मागवतात आणि सगळे आदेश खुले असतात. उलट बाजूही कडक आहे: प्रति प्रवासी अनुदान ठरलेल्या मर्यादेच्या वर गेले की गावाची सेवा बंद होऊ शकते. आपल्याकडे प्रति प्रवासी अनुदानाचा आकडा कोणी काढतच नाही. तो काढणे अवघड नाही. ताळेबंदांच्या उदाहरणात ६५५ उड्डाणांत सरासरी ४० प्रवासी धरले तर २६,२०० प्रवासी आणि प्रत्येकामागे २,६२५ रुपये व्हीजीएफ. सरासरी २५ वर आली की ४,२००.

---

अर्जदार

घाटावरून यांच्या शेवटच्या हिशेबासाठी माझ्या मसुद्यात आठवा मुद्दा वाढवा: ‘महिनावार प्रत्यक्ष प्रवास केलेल्या प्रवाशांची संख्या, योजनेच्या सीट व इतर सीट अशी वेगवेगळी.’ ही विभागणी दिली नाही तर निदान एकूण संख्या विमानतळाच्या मासिक अहवालातून घ्या. पण तिथे त्या विमानतळावरच्या सगळ्या कंपन्यांचे प्रवासी एकत्र असतात, आलेले आणि गेलेले दोन्ही धरून. एकाहून जास्त मार्ग असतील तर तो आकडा थेट वापरू नका.